सराईत गुन्हेगारांसाठी खास सरकारी वकिलांचं युनिट: खरंच उपयोग होतोय का ते कसं बघायचं

समजा रिपोर्ट आला की युनिटने ९० टक्के केसेसमध्ये शिक्षा मिळवली. आधी एकच विचारा, युनिट नव्हतं तेव्हा अशाच आरोपींना किती शिक्षा होत होती? अमेरिकेत १९७५ ला केंद्राच्या पैशातून करिअर क्रिमिनल प्रोग्राम, म्हणजे सराईत गुन्हेगारांसाठी अशीच खास युनिटं, सुरू झाला आणि कोलंबस, कॅलामझू, न्यू ऑर्लिन्स, सॅन डिएगो अशा चार ठिकाणी त्याचं मूल्यमापन झालं, तर शिक्षेचं प्रमाण काही फारसं वाढलेलं दिसलं नाही. आधीच बहुतेक केसेसमध्ये शिक्षा होत असेल तर वाढायला जागा तरी किती उरणार!

मग बघा की केसेस निवडतं कोण. वकिलाच्या मर्जीवर असेल तर पक्क्या पुराव्याच्या केसेस युनिटकडे आणि ढिल्या बाकीच्यांकडे, टक्केवारी आपोआप छान दिसते. म्हणून निकष लेखी हवेत, आणि तुलना करायची ती निकषात बसूनही युनिटकडे न गेलेल्या केसेसशी, शक्य असेल तर चिठ्ठी टाकूनच वाटणी करा, त्याच्याइतकं खात्रीचं काही नाही.

थोडेच जण बहुतेक गुन्हे करतात, त्यांनाच धरा, ही युनिटमागची कल्पना कशावर उभी आहे तर फिलाडेल्फियात वाढलेल्या, १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या अभ्यासावर. त्यातल्या फक्त ६२७ जणांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. पण हे नंतर मोजून कळलं हो, आज समोर उभा असलेला पोरगा त्यातला आहे का हे आधी ओळखणं फार अवघड, आणि वय वाढलं की बरेच जण स्वतःहून थांबतात. म्हणून चुकून किती जण निवडले गेले हे मोजाच, एखाद्याच्या आयुष्याची वर्षं जातात त्यात.

आकडे झाले की दहावीस फायली स्वतः उघडा. पहिल्या तारखेपासून निकालापर्यंत एकच वकील हा या युनिटचा गाभा आहे, तर प्रत्येक तारखेला हजर कोण होतं ते नाव बघा. तीन वेगळी नावं दिसली, साक्षीदाराला परत पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, तर युनिट फक्त कागदावर आहे. आरोप मूळ कलमावरच टिकला की तडजोडीत हलका झाला हेही तिथेच कळतं.

आणि चांगले वकील इकडे ओढल्यावर बाकीच्या केसेस किती रखडल्या तेही त्याच रिपोर्टमध्ये मागा, त्या फिर्यादी पण माणसंच आहेत.