चर्चच्या गायकवृंदाची गाणी ऑनलाइन टाकताय? या चुका टाळा

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपून लोक अजून दारात हस्तांदोलन करत असतात, तोवर गायकवृंदातला एखादा पोरगा मोबाईल नाचवत येतो. "टाकलं बी यूट्यूबला!" एकदा ऐकलंस का रे? नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ या घाईत आहे.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे मोबाईल पेटीवर ठेवणं. कोल्हापुरातल्याच एका गायकवृंदानं ईस्टरच्या रात्रीची मिस्सा अशी मुद्रित केली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात एरवी बाजूला ठेवलेला ग्लोरिया, म्हणजे देवाच्या स्तुतीचं गाणं, त्या रात्री घंटांच्या गजरात परत येतो. त्यांच्या मुद्रणात आधी भात्याची धपधप, मग पेटी, तिच्यामागे कुठेतरी तीस माणसं. घंटा वाजल्या आणि आवाज फाटला तो शेवटपर्यंत. "नंतर कमी करू की," म्हणाले. फाटलेला आवाज कमी केला तर हळू फाटलेला ऐकू येतो, बाकी काही होत नाही. मी रेकॉर्डर गायकांपासून आठ-दहा फुटांवर, डोक्याच्या वर, स्टँडवर लावतो. आवाजाची आपोआप पातळी ठरवणारी सोय बंद. आधी सगळ्यात जोराचं कडवं गाऊन घ्यायचं आणि काटा उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहील असं बघायचं. पोरांना हे कडवं दोनदा गायचा कंटाळा येतो. येऊ दे.

मुद्रण मिस्सेत करूच नका. शनिवारी सरावानंतर पंखे बंद करून करा. पावसाळ्यात पत्र्याखाली तर नकोच. खरखर काढणारं सॉफ्टवेअर लावलं की सगळे रंकाळ्यात बुडून गाताहेत असं वाटतं.

दुसरी खोड, उचललेला कराओके ट्रॅक. "सायलेंट नाइट" 1818 सालचं, मग कसला हक्क? चाल मोकळी आहे, पण तो ट्रॅक ज्यानं वाजवून घेतला त्याचा आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो. एकांचा व्हिडिओ ऐन नाताळात अडला आणि आखातातल्या नातेवाइकांना दिसेना. त्यावर कुणीतरी अक्कल शिकवली, ट्रॅक अर्धा स्वर चढवा, यूट्यूब पकडत नाही. म्हणजे देवाचं गाणं आणि चोरीचा माल लपवायची खटपट! वाजवणारा आपल्यात असताना ट्रॅक कशाला लागतो, हे मला कळलेलं नाही. शब्दांचंही बघा: ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक 1919 साली वारले, त्यांचे शब्द मोकळे. चाल अलीकडच्या कुणाची असेल तर विचारा, आणि नाव लिहा. धार्मिक विधीत गायला कायद्यात सूट आहे, ती ऑनलाइनला आपोआप लागू होते असं धरून चालू नका.

पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजवताना कीबोर्ड पेटीला मिळवून घ्या. पेटीचे सूर जागेवर हलत नाहीत, कीबोर्डचे हलतात.

फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.

लहान मुलांचे चेहरे दिसत असतील तर आईबापांना विचारा.

आणि उपवासकाळात "आलेलुया" टाकू नका, ते ईस्टरपर्यंत गात नाहीत. मुद्रण आधी झालं असेल तर यूट्यूबवर ईस्टरची तारीख लावून ठेवता येते.