कंटिन्यूअन्स म्हणजे केस चालू? कोर्टाच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

"कंटिन्यूअन्स मंजूर, खटला चालू राहील." हे वाक्य मी इतक्या भाषांतरांत खोडलंय की आता कुणाचाही मसुदा आला की आधी तोच शब्द शोधते. अमेरिकन कोर्टाच्या कागदात कंटिन्यूअन्स म्हणजे तहकुबी. तारीख पुढे गेली, एवढंच. आपल्याकडे किंवा इंग्लंडमध्ये ज्याला ॲडजर्नमेंट म्हणतात तेच.

एका गृहस्थांचा वारसाहक्काचा वाद अमेरिकेतल्या कोर्टात होता. वकिलाचा दोन ओळींचा मेल आला, मोशन फॉर कंटिन्यूअन्स ग्रँटेड, मॅटर कंटिन्यूड टू अमुक तारीख. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने तो ॲपमध्ये टाकला, पहिला आलेला अर्थ उचलला आणि लिहून दिलं की कामकाज अमुक तारखेपर्यंत चालू राहील. गृहस्थांना वाटलं ठरलेली तारीख कायम आहे. त्या रात्री अडीच वाजता ते सगळी कागदपत्रं मांडून लॅपटॉपसमोर बसले, लिंक काही उघडेना, मग त्यांची खात्रीच पटली की आपण गैरहजर पडलो आणि आता एकतर्फी निकाल लागणार. सकाळी सहाला मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. सत्तरीतला माणूस एका शब्दापायी रात्रभर जागा राहिला, ते मी अजून विसरलेले नाही.

शब्द विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे. जुन्या इंग्लिश कोर्टात एक दिवस संपला की पुढचा दिवस नेमून दिल्याची नोंद दप्तरात करावी लागायची, त्या नोंदीला कंटिन्यूअन्स म्हणत, आणि ती राहून गेली तर दावाच तुटायचा. म्हणजे चालू राहतो तो दावा, त्या दिवसाची सुनावणी नाही. हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही. अमेरिकेच्या १९७४ च्या स्पीडी ट्रायल ॲक्टमध्ये फेडरल फौजदारी खटला ७० दिवसांत सुरू व्हायला हवा असं आहे, पण न्यायाच्या हितासाठी म्हणून कारणं नोंदवून कोर्टाने कंटिन्यूअन्स दिला तर तेवढे दिवस मोजणीतून वगळतात. इथे "चालू ठेवला" लिहिलंत तर दिवस का वगळले हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

आता याची उलटी चूक, आणि ती मला जास्त खटकते कारण ती करणारे अर्धवट शिकलेले असतात. करारात ड्युरिंग द कंटिन्यूअन्स ऑफ धिस ॲग्रीमेंट असं येतं, तिथे एकाने "कराराच्या स्थगितीच्या काळात" लिहिलं होतं! अहो, तिथे तो मुदतीचा शब्द आहे, "करार अंमलात असेपर्यंत". माझी सवय अशी की आधी कागद कुठल्या देशाचा आणि कोर्टाचा की कराराचा ते बघायचं, मग कंटिन्यूडच्या पुढे टू आणि तारीख आहे का ते पेन्सिलने गोल करायचं. कोर्टाच्या आदेशात तसं असेल तर तारीख ढकलली. याला दोन मिनिटं लागतात, पण तेवढाही धीर नसतो लोकांना.

स्टे आणि ॲडजर्नमेंट एक नाही. ॲडजर्नमेंटमध्ये फक्त सुनावणी पुढे जाते, स्टेमध्ये आदेशाची अंमलबजावणी किंवा अख्खं कामकाज थांबतं. "स्टे मिळाला म्हणजे केस जिंकली" हेही डोक्यातून काढा, निकाल बाकीच असतो.

स्टे ऑफ एक्झिक्यूशन दिसलं की लगेच फाशी लिहू नका. दिवाणी प्रकरणात एक्झिक्यूशन म्हणजे हुकूमनाम्याची बजावणी, पैशाच्या वसुलीलाही तोच शब्द.

रिप्रीव्ह म्हणजे माफी नाही, शिक्षा तात्पुरती थांबवणं.

सस्पेंडेड सेंटेन्स म्हणजे शिक्षा रद्द नाही, अटी मोडल्या तर ती भोगावी लागू शकते.

लिमिटेशन पिरियड, म्हणजे दावा लावायची मुदत, टोल झाला म्हणजे कसला टोल भरायचा नसतो, मुदतीचं घड्याळ थांबलेलं असतं.

साइन डाय म्हणजे पुढची तारीख न देता तहकूब. "कायमचं बंद" असं लिहू नका.

मोमेंटरिली तर रोजच्या बोलण्यातलाच शब्द, ब्रिटिश इंग्रजीत "क्षणभर", अमेरिकनमध्ये बऱ्याचदा "आत्ता, थोड्याच वेळात".

आणि टेबल. अमेरिकेत प्रस्ताव टेबल केला म्हणजे बाजूला ठेवला, ब्रिटनमध्ये म्हणजे चर्चेला घेतला. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे अधिकारी यावरून बराच वेळ भांडले आणि मग कळलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती, चर्चिलनी हे लिहून ठेवलंय. त्यामुळे मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, हातात आल्या की बैठक कुठल्या बाजूची होती ते आधी विचारून घ्या, मगच लिहायला बसा.