व्हेंडिंग मशीनमध्ये पाकीटबंद पेस्ट्री किती भराव्यात आणि त्यांची किंमत कशी ठरवावी

पेस्ट्रीची प्रत्येक रांग काठोकाठ भरावी आणि किंमत खरेदीच्या दुप्पट लावावी, असा सल्ला नव्याने यंत्र चालवायला घेणाऱ्याला सर्रास दिला जातो. वेफर्स आणि बिस्किटांना तो चालून जातो, कारण आज न खपलेले पाकीट पुढच्या महिन्यातही तितक्याच किमतीला विकता येते. मफिन, क्रोसाँ, डोनट किंवा बन यांची मुदत मात्र पुष्कळदा काही दिवसांची किंवा थोड्या आठवड्यांची असते, आणि ती संपली की त्या नगाची किंमत शून्य होते. त्यामुळे किती नग भरायचे आणि ते किती किमतीला विकायचे हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. आधी भरण्याची संख्या ठरते, त्यातून नासाडी किती होणार ते कळते आणि त्यानंतरच किंमत ठरवता येते. हा क्रम उलटा केल्यामुळे मी बरेच दिवस नुकसान सोसले आहे, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्याच टप्प्यासाठी ठेवला आहे.

माल निवडताना

पुरवठादाराला एकूण मुदत किती असे विचारू नका. माल तुमच्या हातात पडेल तेव्हा किती दिवस शिल्लक असतील ते विचारा. ताजे क्रीम असलेला माल केवळ शीतयंत्रातच ठेवावा, आणि ते यंत्र असे असावे की आतले तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे गेल्यास विक्री आपोआप बंद होईल. याउलट क्रोसाँ किंवा साधा बन थंड कप्प्यात ठेवला तर तो लवकर शिळा लागतो, कारण भाजलेल्या पिठातील स्टार्च फ्रिजच्या तापमानाला अधिक वेगाने घट्ट होत जातो. "थंड ठेवले म्हणजे टिकले" हा समज अशा मालाच्या बाबतीत चुकीचा आहे. साखरेचा लेप असलेल्या वस्तू उन्हाच्या काचेमागे ठेवू नयेत. लेप पाकिटाला चिकटतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा ती वस्तू घेत नाही.

स्प्रिंग आणि ट्रे

एका पूर्ण फेऱ्यात स्प्रिंगने एकच नग पुढे ढकलून खाली पाडायचा असतो. म्हणून स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधले अंतर नगाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त असावे. ते कमी असले तर नग चेपतो, आणि फार जास्त असले तर तो आडवा पडून अडकतो. रुंद पेस्ट्रीसाठी दोन स्प्रिंगांची जोडरांग वापरावी. पाकिटाच्या वरच्या शिवणीची पट्टी वेढ्यात अडकण्याची तक्रार फार वेळा येते. ती पट्टी मागे दुमडून नग बसवला की बहुतेक वेळा हा त्रास थांबतो. ट्रे बसवल्यावर प्रत्येक रांगेतून दोन-तीन नग पाडून पाहावेत. खाली पडणाऱ्या नगाची नोंद घेणारा सेन्सर असला तरी ही चाचणी टाळू नये, कारण नग पडला नाही एवढेच सेन्सरला कळते. तो फुटला की नाही हे त्याला कळत नाही. नाजूक माल शक्य तितक्या खालच्या ट्रेमध्ये ठेवावा. वरचे ट्रे उबदार आणि खालचे थंड अशी रचना असलेल्या यंत्रात हे जमत नाही. तिथे वरच्या ट्रेसाठी घट्ट पोताचा केक निवडावा आणि लुसलुशीत माल त्या यंत्रात ठेवूच नये.

किती नग भरायचे

सुरुवातीला मी दहा नगांची रांग दर फेरीला दहा नगांनी भरत असे. रिकामी जागा म्हणजे बुडालेली विक्री, असे माझ्या मनात पक्के बसले होते. मुदत संपलेला माल दर आठवड्याला निघू लागला तेव्हा तो खर्च भरून काढण्यासाठी मी किंमत वाढवली. किंमत वाढल्यामुळे खप आणखी घटला, खप घटल्यामुळे नासाडी वाढली आणि मी पुन्हा किंमत वाढवण्याचा विचार करू लागलो. या चक्रात अडकलेल्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगेन की चूक किमतीत नाही, ती भरण्याच्या संख्येत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे शिल्लक मुदत आणि तुमच्या फेऱ्यांमधले अंतर यांचा मेळ घाला. समजा, माल यंत्रात जातो तेव्हा विकण्याजोगे 10 दिवस उरलेले आहेत आणि तुम्ही दर 7 दिवसांनी फेरी करता. सातव्या दिवशी जो नग शिल्लक असेल त्याचे 3 दिवस उरलेले असतील, पण तुमची पुढची फेरी मात्र आणखी 7 दिवसांनी आहे. तो नग तसाच ठेवला तर चार दिवस मुदतबाह्य माल यंत्रात विक्रीसाठी उभा राहील, आणि हे कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये. म्हणजे तो सातव्या दिवशीच काढावा लागतो आणि कागदावरची 10 दिवसांची मुदत प्रत्यक्षात 7 दिवसांचीच ठरते. हीच फेरी 5 दिवसांवर आणली तर दोन फेऱ्या मुदतीत चपखल बसतात आणि पूर्ण 10 दिवस वापरता येतात. म्हणून माझा नियम असा आहे की आज मुदत संपलेला माल काढणे पुरेसे नाही. ज्याची मुदत पुढच्या फेरीच्या आधी संपणार आहे तो प्रत्येक नग आजच बाहेर काढायचा. जास्त खपाचे दुसरे यंत्र त्याच दिवशीच्या वाटेवर असेल तर तो नग तिकडे हलवता येतो. नसेल तर तो नुकसानीत धरायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे खप मोजणे, आणि इथे बहुतेक लोक फसतात. रांग सहा नगांची होती आणि आठवड्यात सहा विकले गेले, म्हणून आठवड्याचा खप सहा आहे असे मानू नका. ती रांग तिसऱ्याच दिवशी संपली असेल तर खरा खप रोजी दोन नगांचा आहे. यंत्राच्या नियंत्रकात रांगनिहाय विक्रीची नोंद असते, आणि दूरसंपर्काची सोय असलेल्या यंत्रात प्रत्येक विक्रीची वेळही मिळते; शेवटचा नग केव्हा गेला ते तिथून पाहावे. ही सोय नसेल तर सुरुवातीचे काही आठवडे मुद्दाम जास्त नग भरून नोंदी ठेवाव्यात आणि त्या काळातली नासाडी हा माहितीचा खर्च समजावा.

आता हिशेब करू. एका नगाची खरेदी किंमत 100 आणि विक्री किंमत 200 धरा. जागेच्या मालकाचे कमिशन आणि कार्डाचे शुल्क मिळून 15 टक्के गेले, तर विकलेल्या नगामागे हातात 170 पडतात. म्हणजे नग विकला गेला तर 70 मिळतात आणि न विकला गेला तर 100 जातात. रांगेतला शेवटचा नग भरणे तेव्हाच फायद्याचे ठरते जेव्हा तो विकला जाण्याची शक्यता 100 भागिले 170, म्हणजे सुमारे 59 टक्के, यापेक्षा जास्त असते. समजा दहा आठवड्यांत एका रांगेचा खप 4, 5, 5, 6, 6, 6, 7, 7, 8 आणि 9 असा नोंदला गेला. सहावा नग दहापैकी सात आठवड्यांत विकला गेला, म्हणून तो भरावा. सातवा नग दहापैकी फक्त चार आठवड्यांत विकला गेला, म्हणून तो भरू नये.

हा फरक किरकोळ नाही. दर आठवड्याला दहा नग भरले असते तर दहा आठवड्यांत 100 पैकी 63 विकले गेले असते, आणि 170 च्या हिशेबाने हातात आलेल्या 10,710 मधून खरेदीचे 10,000 वजा करता केवळ 710 उरले असते. सहा नग भरले असते तर 60 पैकी 56 विकले गेले असते आणि 9,520 मधून 6,000 वजा जाऊन 3,520 उरले असते. सात नग कमी विकूनही नफा जवळजवळ पाचपट होतो. सरासरी खप 6.3 आहे म्हणून "थोडे जास्त असू द्यावे" या विचाराने सात भरले, तरी उरतात 3,200, म्हणजे सहा भरण्यापेक्षा कमीच.

रांग अर्धी भरलेली दिसली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, ही भीती मलाही होती. ती निराधार आहे, कारण काचेतून दिसतो तो सर्वांत पुढचा नग. नग पुढच्या वेढ्यांपासून सलग बसवावेत आणि रिकामे वेढे मागे ठेवावेत. रांग संपली तरी सगळी विक्री बुडत नाही. शेजारच्या रांगेत जास्त टिकणारा केक ठेवला तर बरेच जण तो घेतात. एकच पेस्ट्री दोन रांगांत विभागून ठेवण्याचे मात्र टाळा, कारण गिऱ्हाईक एकाच रांगेचे बटण दाबत राहते आणि दुसऱ्या रांगेतला माल जुना होत जातो.

किंमत

भरण्याची संख्या पक्की झाली की विकलेल्या एका नगाची खरी किंमत काढा. त्यासाठी एकूण खरेदीला भरलेल्या नगांनी नव्हे, तर विकलेल्या नगांनी भागायचे. वरच्या उदाहरणात दहा भरल्यास ती 159 येते आणि सहा भरल्यास 107 येते. या आकड्याला 0.85 ने भागले की ज्या किमतीच्या खाली विक्री म्हणजे निव्वळ तोटा ती तळाची किंमत मिळते: पहिल्या बाबतीत 187 आणि दुसऱ्या बाबतीत 126. विक्रीकर लागू असेल तर तोही याच टक्केवारीत धरावा. फेरीचा प्रवास, वेळ आणि यंत्राचा घसारा यांचा वाटा त्यावर चढतो. "खरेदीच्या दुप्पट" हा ठोकळा सहा भरणाऱ्याला पुरतो आणि दहा भरणाऱ्याला बुडवतो, म्हणूनच मी तो कोणाला सांगत नाही.

वरची मर्यादा शेजारच्या रांगा ठरवतात. बिस्किटांच्या वर आणि सँडविचच्या खाली पेस्ट्रीची जागा असते. सँडविचच्या अगदी जवळ किंमत गेली की भुकेला माणूस सँडविच घेतो. रोख घेणाऱ्या यंत्रात फार सुटे परत करावे लागतील अशी किंमत लावू नये, कारण नाणी संपली की अनेकांची खरेदी अडते. एका वेळी एकाच पेस्ट्रीची किंमत बदलावी आणि किमान तीन फेऱ्या तिला हात लावू नये. किंमत बदलल्यावर 59 टक्क्यांचा तो आकडाही बदलतो, त्यामुळे भरण्याची संख्या पुन्हा एकदा तपासावी.

मुदत जवळ आली म्हणून किंमत उतरवण्याच्या मी विरोधात आहे. बहुतेक यंत्रांत किंमत रांगेला लागते, नगाला लागत नाही, त्यामुळे जुन्याबरोबर मागचा ताजा नगही स्वस्तात जातो, आणि नेहमीचे गिऱ्हाईक त्या दिवसाची वाट पाहायला शिकते. लांब सुट्टीपूर्वी रांग रिकामी करायची असेल तरच हा उपाय करावा.

फेरीच्या दिवशी

पेस्ट्रीचा खप बहुतेक ठिकाणी सकाळी असतो, म्हणून गर्दीच्या आधी पोहोचावे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कार्यालयातले यंत्र भरणे म्हणजे मुदतीचे दोन दिवस फुकट घालवणे आहे. ट्रे पूर्ण बाहेर ओढून उरलेले नग पुढे असल्याची खात्री करावी, प्रत्येकाची तारीख वाचावी आणि नवीन माल त्यांच्या मागे लावावा. काढलेले नग मोजून रांगेच्या नावापुढे लगेच लिहावेत, कारण संध्याकाळी आठवणीतून लिहिलेला आकडा नेहमी कमी भरतो आणि वरचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर उभा असतो. किंमत बदलली असेल तर रांगेखालची पट्टी बदलावी आणि निघण्यापूर्वी त्या रांगेतून एकदा रोख व एकदा कार्डाने स्वतः खरेदी करून पाहावी.