डाउनलोड करताना निळा स्क्रीन येतोय?
मोठी फाइल उतरवतानाच विंडोज निळा स्क्रीन दाखवून बंद पडत असेल, तर लगेच फॉरमॅट मारू नका. स्क्रीनच्या तळाशी ‘एनडीआयएस’ (ndis.sys) किंवा ‘टीसीपीआयपी’ (tcpip.sys) असं विंडोजच्या नेटवर्कच्या फाइलचं नाव दिसलं, की संशय नेटवर्क कार्डावर, म्हणजे कॉम्प्युटरला इंटरनेटशी जोडणाऱ्या भागावर. केबल काढून, वायफाय बंद करून तासभर काम करून बघा. तेवढा वेळ नीट चाललं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या (म्हणजे त्याच कार्डाच्या) प्रॉपर्टीज उघडा आणि ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमधले ‘चेकसम ऑफलोड’चे पर्याय डिसेबल करा. हे पर्याय चालू असले, की आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) खराब आहे का, हे कार्डच तपासतं. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आता ती तपासणी विंडोज स्वतः करेल. तरीही बंद पडलं, तर दुसऱ्या मशीनवरून, उत्पादकाच्याच साइटवरचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर आणून टाका.