नवतपा, सेल्फ आणि बॅटरीचं पाणी

दुचाकीचा सेल्फ मारला की नुसतं ‘कट-कट’, हॉर्न बसलेला. नवीच बॅटरी टाकायला निघणार होतो, पण आधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला म्हणून बरं. गाडी रात्रभर बंद असताना 12.1 व्होल्ट (चांगल्या बॅटरीत 12.6 च्या वर हवेत). गाडी सुरू करून रेस दिली तर 15.4! इथे 14.5 च्या आसपास थांबायला हवं. म्हणजे दोष रेक्टिफायरचा (बॅटरीचं चार्जिंग आवरणारा भाग). तो जास्त चार्ज करून पाणी उडवत होता आणि नागपूरचं नवतप्यातलं (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतलं) 45 अंशांचं ऊन त्यात भर घालत होतं. नुसती बॅटरी बदलली असती तर तीही अशीच गेली असती.

रेक्टिफायर बदलला, आता 14.3. बॅटरीच्या सहाही सेलमध्ये (कप्प्यांत) पाणी खालच्या रेघेखाली गेलेलं. वरच्या रेघेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर भरलं. ॲसिड नाही, आरओचं पाणी तर नाहीच. टर्मिनलवरची पांढरट-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. 5 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरवर, झाकणं सैल ठेवून, रात्रभर चार्ज दिला. सेल्फ मारताना आता व्होल्टेज 10 च्या खाली जात नाही. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी बघा.