वादग्रस्त निर्मात्याचा रोल-प्लेइंग गेम पारखताना या चुका टाळा

एम. ए. आर. बार्कर यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवण्याचा खेळ, टीएसआर कंपनीने १९७५ साली प्रकाशित केला. युरोपीय सरदार आणि किल्ले यांऐवजी भारत, इजिप्त व मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींची छाप असलेले टेकुमेल हे जग त्याने खेळाडूंपुढे ठेवले आणि अनेक जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले. बार्कर २०१२ मध्ये निवर्तले. १९९१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेली, नाझीवादाचा गौरव करणारी एक कादंबरी त्यांनीच लिहिली होती, हे त्यांचे साहित्य सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने मार्च २०२२ मध्ये मान्य केले. तेव्हापासून या खेळाविषयी बोलताना ठरावीक चुका वारंवार होताना दिसतात.

पहिली चूक म्हणजे निर्मात्याच्या चरित्रातून सोयीचा पुरावा उचलणे. बार्कर यांनी इस्लाम स्वीकारला होता, ते मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवत आणि उर्दूची पाठ्यपुस्तके त्यांच्या नावावर आहेत. त्यामुळे असा माणूस ज्यूद्वेष्टा असूच शकत नाही, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडच्या वाचकाला विशेष होतो. एका संस्कृतीचा गाढ अभ्यास दुसऱ्या समाजाविषयीच्या द्वेषावर उतारा ठरत नाही. कादंबरी त्यांचीच आहे, हे आधी मान्य करावे आणि मगच खेळाकडे वळावे.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे: लेखक वाईट म्हणून त्याच्या खेळाचे नियमही टाकाऊ ठरवणे. हल्ला करताना वीस बाजूंच्या फाशावर वीस पडल्यास दुप्पट इजा होण्याचा नियम १९७५ मध्ये जितका कल्पक होता, तितकाच तो आजही आहे. लेखकाचे विचार कळल्यामुळे नियमांची गुणवत्ता मागाहून घसरत नाही. नियम पारखायचे तर ते खेळून पाहावेत.

खरी कसोटी जगाच्या रचनेत आहे आणि तिथेच घाईने वाचले जाते. टेकुमेलमध्ये गुलामगिरी आहे, नरबळी आहेत, सुळावर देणे ही नेहमीची शिक्षा आहे. क्रौर्य दाखवले म्हणजे त्याचा पुरस्कार केला, असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी तो टिकत नाही. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते स्सू आणि ह्लुस. हे त्या ग्रहाचे मूळ रहिवासी. माणसांनी येऊन त्यांचा ग्रह बळकावला आणि त्यांना मोजक्या प्रदेशांत कोंडले, असे खेळाचा इतिहासच सांगतो. तरीही खेळात ते माणसांचे कायमचे वैरी म्हणून येतात. ज्यांची भूमी गेली त्यांच्या रागाला कारण आहे हे पुस्तक मान्य करते, पण त्यांच्याशी समेट घडण्याची वाट मोकळी ठेवते का, हा प्रश्न पाने समोर ठेवून विचारावा. त्याचे उत्तर ना कादंबरीत सापडेल, ना बार्कर यांच्या सज्जनपणाच्या आठवणींत.

पैशाचा प्रश्न वेगळा ठेवावा. हयात निर्मात्याचे नवे पुस्तक घेतल्यास मानधन त्याच्या हाती जाते. जुनी प्रत घेतल्यास पैसे विक्रेत्याला मिळतात. खरेदी टाळणे हा रास्त निर्णय आहे, मात्र तो खेळाच्या दर्जाचा दाखला म्हणून पुढे करू नये.

सर्वांत जास्त मनस्ताप मात्र गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मौनामुळे होतो. पार्श्वभूमी ठाऊक असूनही ती सांगितली नाही आणि एखाद्या खेळाडूला ती अर्ध्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या कथेच्या मध्यावर, बाहेरून कळली, तर त्याचा रोष बार्करवर कमी आणि आपल्यावर अधिक असतो, आणि तो योग्यच असतो. खेळ आधीच सुरू झाला असेल, तर पुढच्या सत्रात फासे टाकण्यापूर्वी वस्तुस्थिती चार वाक्यांत सांगावी. कादंबरीविषयी काहीही सौम्य करू नये. कोणाला बाहेर पडायचे असल्यास कारण विचारू नये. बहुतेकांना थांबावेसे वाटले, तर तीच पात्रे दुसऱ्या नियमपुस्तकात आणि स्वतः रचलेल्या जगात नेता येतात. पात्रांची नाती आणि अपुरी राहिलेली उद्दिष्टे खेळाडूंनी घडवलेली असतात, त्यामुळे ती सोबत न्यायला काहीच हरकत नाही.