तैलरंगात ऋतू कसा रंगवावा : निसर्गचित्राची पायरीपायरीने बांधणी

निसर्गचित्रात ऋतू दाखवायचा म्हटले की नवशिक्या हात आधी पानांच्या रंगाकडे वळतो. वसंत म्हणजे पोपटी, पानगळ म्हणजे नारिंगी, हिवाळा म्हणजे पांढरा, असे समीकरण मनात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात ऋतू ओळखू येतो तो प्रकाशावरून, म्हणजे आकाश, जमीन आणि झाडे यांच्या उजळ-गडदपणाच्या परस्पर नात्यावरून. हे नाते आधी नीट बसले, तर रंग निवडणे पुष्कळ सोपे होते.

सुरुवातीला गेसो (रंग नीट धरावा म्हणून दिलेला पांढरा अस्तराचा थर) लावलेला 30 × 40 सेंटिमीटरचा कॅनव्हास पुरेसा आहे. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कॅडमियम रेड आणि अल्ट्रामरीन ब्लू एवढ्या सहा ट्यूबमध्ये चारही ऋतू रंगवता येतात. सोबत राठ केसांचे दोन-तीन चपटे ब्रश, एक बारीक गोल ब्रश, रंग मिसळण्यासाठी पॅलेट नाइफ, रंग पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन, जवसाचे तेल आणि सुती कापड असावे. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तेलाने माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्यांना आपोआप आग लागू शकते, म्हणून ती पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

पांढऱ्या कॅनव्हासवर कोणताही रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो. त्यासाठी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा हात सगळीकडे फिरवून तो कापडाने पुसून घ्यावा आणि वाळू द्यावा. दरम्यान कागदावर पेन्सिलने तळहाताएवढे कच्चे चित्र काढावे. डोळे किलकिले करून दृश्याकडे पाहिले की बारकावे विरघळतात आणि उजळ, मध्यम, गडद असे तीनच मोठे आकार उरतात. कच्च्या चित्रात तेवढेच घ्यावेत.

आता हेच आकार कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मांडावेत. साधारणपणे आकाश सर्वांत उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल, उतरत्या टेकड्या मध्यम आणि उभी झाडे सर्वांत गडद असतात. बर्फाच्छादित दृश्यात मात्र, विशेषतः ढगाळ दिवशी, जमीन आकाशापेक्षा उजळ दिसते. एवढी एक अदलाबदल केली, तरी एकही पान न रंगवता हिवाळा जाणवू लागतो. दूरच्या टेकड्या निळसर आणि फिकट ठेवाव्यात, त्यांच्यातील छायाप्रकाशाचा फरकही कमी करावा.

सर्वाधिक चित्रे बिघडतात ती हिरव्यात. ट्यूबमधला तयार हिरवा मी वापरत नाही, कारण तो एकट्याने सगळे चित्र ओरडते करतो. कॅडमियम यलो आणि अल्ट्रामरीन ब्लू नाइफने एकत्र करून त्यात बर्न्ट सिएनाचा किंचित अंश घालावा. हिरवा लगेच मातीशी नाते सांगू लागतो. याचे उन्हातला, मधला आणि सावलीतला असे तीन ढीग करून ठेवावेत. उन्हातल्या ढिगात पिवळा वाढवावा, सावलीतल्या ढिगात निळा. पानगळीतही हाच संयम हवा. नारिंगी पेटलेला दिसतो तो शेजारच्या राखाडीमुळे, म्हणून अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी खोडांत, आकाशात, वाटेवर मोकळ्या हाताने वापरावा. बर्फाच्या सावल्या निळ्या असतात, कारण त्यांच्यावर आकाशाचा प्रकाश पडतो. उन्हातल्या बर्फाला पिवळ्याचा स्पर्श द्यावा. पावसाच्या दृश्यात झाडांच्या कडा ओल्या रंगातच कोरड्या ब्रशने हलकेच पुसट कराव्यात.

प्रकाश थांबत नाही, त्यामुळे बाहेर रंगवताना साधारण दोन तासांनी हात आवरावा. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे ढगांचे तैलाभ्यास केले, तेव्हा अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली होती. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. महिन्याभराने घरी चित्र पुढे नेताना अशी एक ओळ फार उपयोगी पडते.

वरचे थर चढवताना प्रत्येक थरात तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा थोडे जास्त असावे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. जास्त तेलाचा थर उशिरा सुकतो, त्यामुळे तो खाली राहिला तर वरच्या थराला तडे जातात. याच टप्प्यावर झाडांतून दिसणारे आकाशाचे कवडसे भरावेत. ते मूळ आकाशापेक्षा किंचित गडद ठेवावेत, नाहीतर पानांवर पांढरे ठिपके चिकटवल्यासारखे दिसतात. बारीक फांद्या आणि गवताची पाती अगदी शेवटी, मोजकीच काढावीत.

पूर्ण झालेले चित्र उजेड आणि हवा खेळती असलेल्या खोलीत सुकू द्यावे, कारण अंधारात ठेवल्यास जवसाचे तेल पिवळे पडते. नेहमीचे वॉर्निश थराच्या जाडीनुसार सहा महिने ते वर्षभरानंतरच लावावे.